शनिवार की रविवार?

शब्बाथ पवित्र पाळा, असं बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी एक आज्ञा सांगते. हा शब्बाथ म्हणजे आठवड्याचा सातवा दिवस, शनिवार. पण येशूचं पुनरुत्थान रविवारी झालं, म्हणून ख्रिस्ती मंडळ्या रविवारी उपासनेला जमू लागल्या. इ.स. ३२१ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइननं रविवारी न्यायालयं आणि कारागिरांची कामं बंद ठेवण्याचा हुकूम काढला. शेतीच्या कामांना मात्र मुभा दिली. तरी कोणता वार पाळायचा, हा वाद मिटला नाही. अमेरिकेत १८६३ मध्ये संघटित झालेली सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळी शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ पाळते. पुण्यात औंधला असलेली स्पायसर शिक्षणसंस्था याच मंडळीची. इथिओपियातलं ऑर्थोडॉक्स चर्च तर दोन्ही दिवसांना मान देतं. वार वेगळे असले, तरी कामातून एक दिवस देवासाठी काढायचा, यावर या साऱ्यांचं एकमत आहे.