खाली-वर होणारं बंदर

बंदर म्हटलं की आपल्याला ससून डॉक आठवतो. आमच्या नंदुरबारला समुद्रच नाही. तरी होडीवर पोट असणारी माणसं इथे आहेत, अक्कलकुवा-धडगावकडे, नर्मदेकाठी.

सरदार सरोवराचं पाणी इथल्या ३३ गावांत शिरलं, सगळ्यात आधी मणिबेलीत. जिथे शेत होतं तिथे आता जाळी पडतात. धरणाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर, किमान ११०.६४. म्हणजे २८ मीटरचा फरक, नऊ मजली बिल्डिंगच समजा ना! मग धक्का बांधायचा तरी कुठे? पाणी उतरलं की काठही खाली सरकतो. मासळीची टोपली डोक्यावर घेऊन गाळातून वर चढायचं. उशीर झाला की मासळी नरम पडते आणि भाव पडतो.

होडी म्हणजे इथली एसटी. २०२० मध्ये चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांनी एका मच्छीमाराची होडी मागून घेतली, आणि स्वतः १८ किलोमीटर वल्हवत पाड्यांवर पोषण आहार पोचवला. कौतुक खूप झालं, व्हायलाच हवं होतं. मला मात्र त्या होडीवाल्याचं वाटतं: त्या दिवसांत त्यानं जाळं कुठून टाकलं असेल?