हैदराबाद शहर पोलिसांचा फुटबॉल संघ



फुटबॉलचे नाव निघाले की आपली दृष्टी इंग्लंडकडे अथवा फार तर कलकत्त्याकडे वळते. परंतु नांदेड आणि लातूर ज्या राज्यात १९५६ सालापर्यंत समाविष्ट होते, त्या हैदराबाद राज्याच्या राजधानीत एक असा संघ होऊन गेला की, त्याचे नाव ऐकताच मुंबई-कलकत्त्याचे नामांकित संघ सावध होत. तो संघ म्हणजे हैदराबाद शहर पोलिसांचा संघ. त्याचा वृत्तान्त आज आपणांस सांगावयाचा आहे.

प्रथम या संघाचे स्वरूप ध्यानात घेऊ. इंग्लंडमध्ये १८८५ साली खेळाडूंस वेतन देण्यास फुटबॉलच्या नियामक संस्थेने मान्यता दिली. तेव्हापासून तेथे केवळ खेळावर पोट भरणारे खेळाडू निर्माण झाले. त्यांच्याच जोडीला दिवसभर कारखान्यात राबून सामन्यापुरते मानधन घेणारा अर्धव्यावसायिक खेळाडूंचा वर्गही वाढला. आपल्या देशात या मधल्या वर्गाने निराळे रूप घेतले. पलटण, रेल्वे, गिरणी अथवा पोलीस खाते खेळाडूस नोकरी देई आणि खेळाडू त्या खात्याच्या नावाने मैदानात उतरे. पगार शिपायाचा, कीर्ती खेळाडूची! हैदराबादचा संघ याच जातीचा होता.

या संघाचा उत्कर्षकाळ १९५० साली सुरू झाला. मुंबईतील रोव्हर्स चषकाची स्पर्धा १८९१ पासून चालत आली होती. प्रारंभी तीवर गोऱ्या पलटणींचेच वर्चस्व असे. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो चषक प्रथम भारतीयांच्या हाती आणला. १९५० साली हैदराबाद पोलिसांनी तो जिंकला, आणि १९५१, ५२, ५३ व ५४ अशी पुढील चार वर्षे तो कोणासही दिला नाही. लागोपाठ पाच वर्षांचा हा विक्रम पुढे कोणासही मोडता आला नाही. त्याच १९५० साली त्यांनी मोहन बागान या बलाढ्य संघास नमवून ड्युरंड चषकही मिळविला.

या यशामागे जो पुरुष उभा होता तो पेशाने शाळामास्तर होता, ही गोष्ट माझ्यासारख्या सेवानिवृत्त शिक्षकास विशेष आनंद देते. सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १९०९ सालचा. उस्मानिया विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी हैदराबादच्या शाळांत अध्यापन केले, आणि पुढे फुटबॉलचे मार्गदर्शन हेच जीवितकार्य मानले. त्यांची शिकवण्याची रीत खऱ्या शिक्षकाची होती. ज्या पायाने मुलास चेंडू मारता येत नाही, त्याच पायाचा सराव ते अधिक करून घेत. चेंडू पायाशी घोळवीत बसण्यापेक्षा तो एकाच स्पर्शात सोबत्याकडे धाडावा, यावर त्यांचा कटाक्ष होता. एकट्याची करामत त्यांस नको होती. अकरा जणांची समज त्यांस हवी होती.

हीच शिस्त त्यांनी भारताच्या संघासही लावली. १९५१ च्या दिल्लीतील आणि १९६२ च्या जाकार्तातील आशियाई क्रीडास्पर्धांत भारतास सुवर्णपदक मिळाले, ते त्यांच्याच मार्गदर्शनाखाली. मधल्या १९५६ सालच्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपला संघ चौथा आला. त्या संघात अझिझुद्दीन, नूर मुहम्मद, बलराम असे हैदराबादच्या मातीत घडलेले खेळाडू होते. आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा मुंबईचा होता.

आता एक नाजूक प्रश्न. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. त्या राज्याच्या पोलिसांविषयी आपल्या वडीलमंडळींच्या मनात कटू आठवणी होत्या, आणि त्या निराधार नव्हत्या. मग त्याच खात्याच्या नावाने मिळालेले यश आपण आपले मानावे काय? माझ्या मते मानावे. दंडुका उगारणारी सत्ता वेगळी आणि घाम गाळून चषक जिंकणारा शिपाई वेगळा. शिवाय संघाचे मोठे पराक्रम राजवट गेल्यानंतरचे आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्याची वाटणी झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झाले. जमिनीची वाटणी होते तशी स्मृतींचीही झाली, आणि हा संघ आपल्या वाट्यास आला नाही. तो आपणच मागून घ्यावयास हवा.

आंध्र प्रदेश पोलीस या नव्या नावाने संघाने पुढेही काही चषक मिळविले. परंतु कलकत्त्याच्या धनवान संघांनी गुणी खेळाडू ओढून नेले. बलराम १९५७ साली ईस्ट बंगालकडे गेले. ११ जून १९६३ रोजी कर्करोगाने रहीम यांचे निधन झाले आणि हळूहळू ते तेज मावळले. रोव्हर्स स्पर्धाही २०००-०१ नंतर बंद पडली.

यातून बोध काय घ्यावा? नोकरीच्या आधारावर वाढलेला खेळ त्या आधाराइतकाच टिकतो. खाते उदासीन झाले, जाणता शिक्षक गेला, की मैदान ओस पडते. म्हणून नांदेड-लातूरच्या पालकांस माझी विनंती आहे की, मुलाच्या खेळाकडे केवळ वेळेचा अपव्यय म्हणून पाहू नये, आणि शाळेच्या चालकांनी मोकळे पटांगण इमारतीच्या पायाखाली घालू नये. रहीम यांनी आपल्या शिष्यांकडून घडवून घेतले ते महागड्या साधनांच्या बळावर नव्हे. एक चेंडू, एक पटांगण आणि चुका धीराने सुधारणारा एक शिक्षक, एवढी सामग्री आपल्या गावीही जमविता येईल.