शब्दांचे मजले



कामगार चळवळीतल्या माणसाने भाषेवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण आम्ही इंग्रजी शिकलो ते शाळेत कमी आणि नोटिसा वाचून जास्त. कामावरून काढलेल्या माणसाच्या हाती पडणाऱ्या कागदात साधा ‘एंड’ सहसा नसतो, ‘टर्मिनेट’ असतो. ‘बिगिन’ नसतो, ‘कमेन्स’ असतो. अर्थ एकच, मग शब्द दोन कशाला? या प्रश्नाचा माग काढीत आम्ही इंग्लंडच्या इतिहासात शिरलो.

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. पुढे कित्येक पिढ्या दरबाराची भाषा फ्रेंच, धर्माची व विद्येची लॅटिन आणि नांगर धरणाऱ्याची इंग्रजी, अशी वाटणी राहिली. कालांतराने वरची मंडळीही इंग्रजी बोलू लागली, पण आपले शब्द बरोबर घेऊन आली. त्यामुळे त्या भाषेला मजले पडले. तळमजल्यावर ‘आस्क’, त्यावर फ्रेंचांचा ‘क्वेश्चन’ आणि माडीवर लॅटिनचा ‘इंटरॉगेट’. ‘किंग्ली’, ‘रॉयल’, ‘रीगल’ हे त्रिकूटही तसेच. कोर्टातले वाद इंग्रजीत चालावेत असा कायदा १३६२ साली झाला. गंमत अशी की, तो कायदाच फ्रेंचमध्ये लिहिलेला होता! आणि कोर्टाच्या दप्तरातले लॅटिन जायला १७३३ साल उजाडावे लागले.

आता इंग्रजीच्या बहिणींकडे पाहू. जर्मन माणूस इस्पितळाला ‘क्रांकेनहाउस’ म्हणतो, म्हणजे आजाऱ्यांचे घर. ऑक्सिजनला तो ‘झाउअरस्टॉफ’ म्हणतो, म्हणजे आंबट द्रव्य. आइसलंडच्या लोकांनी विजेला ‘राफमाग्न’ हे नाव दिले. त्यात अंबर आणि शक्ती हे त्यांच्याच घरचे दोन शब्द आहेत. परके शब्द जर्मनमध्येही भरपूर आहेत. परंतु विद्वत्तेची माडी बांधताना तिथे घरच्या विटाही वापरल्या गेल्या. परक्याशी बोलताना ‘झी’ आणि आपल्या माणसाशी ‘डू’, असा भेद जर्मनमध्ये आहे. तो आपल्या तुम्ही-तूसारखाच. इंग्रजीच्या रोजच्या बोलण्यातून जुना ‘दाऊ’ गेला आणि सर्वांना एकच ‘यू’ उरला. तेव्हा अंतर दाखवण्याचे पुष्कळसे ओझे तिथे शब्दांच्या निवडीवर पडते.

तर मग घरचे शब्द वापरले की गरिबाचे काम झाले काय? नाही. जर्मन कचेऱ्यांच्या किचकट भाषेला ‘आम्ट्सडॉइच’ असे वेगळे नावच आहे. तिथे घरचेच शब्द डब्याला डबा जोडावा तसे जोडून लांबलचक आगगाडी करतात, आणि वाचणारा फलाटावरच राहतो.

त्याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. जर्मनमध्ये मालकाला ‘आर्बाइटगेबर’ म्हणतात, म्हणजे काम देणारा. कामगार हा ‘आर्बाइटनेमर’, काम घेणारा. दोन्ही शब्द सोपे, पोरालाही कळतील असे. पण १८८३ साली ‘कॅपिटल’च्या तिसऱ्या जर्मन आवृत्तीच्या प्रस्तावनेत एंगल्सने याच शब्दांवर बोट ठेवले. त्याचे म्हणणे असे की, पैसे घेऊन आपले श्रम देतो तो कामगार, आणि ते घेतो तो मालक. शब्दांनी मात्र नेमके उलटे करून ठेवले आहे! म्हणजे अवघड शब्द माणसाला दाराबाहेर ठेवतो हे खरे. पण सोपा शब्दही त्याला आत बोलावून फसवू शकतो.

इंग्लंडमध्ये सरकारी नोकरांनी साधे लिहावे म्हणून अर्नेस्ट गॉवर्स यांनी ‘प्लेन वर्ड्स’ हे पुस्तक १९४८ साली काढले. ते काम चांगलेच होय. आमची मात्र दोन मागणी आहेत. नोटिशीतला शब्द कळला नाही, तर सही करण्यापूर्वी त्याचा अर्थ विचारावा. आणि कळला असे वाटले, तरीही विचारावे : यात देणारा कोण आणि घेणारा कोण?