मुद्राराक्षस आणि वाचक

भाताचा घास मुखी घालावा आणि दाताखाली खडा यावा, त्याप्रमाणे रंगून वाचत असता एखादा अशुद्ध शब्द समोर आला की वाचकाची तंद्री भंग पावते. खडा लहान, भात पुष्कळ. तरीही पुढचे चार घास माणूस जपून खातो. पुस्तक वाचणाऱ्याचेही तसेच होते. चूक एका अक्षराची असते, परंतु तिच्या पुढची पाने तो रसास्वादासाठी न वाचता दुसरी चूक कोठे आहे हे पाहण्यासाठी वाचू लागतो. हा रसभंग वाचकाच्या रागाचे पहिले कारण होय. पण ते एकमेव नव्हे आणि सर्वांत मोठेही नव्हे.

छपाईतल्या चुकांचे खापर मुद्राराक्षसाच्या माथी फोडण्याची मराठीत जुनी चाल आहे. हे नाव विशाखदत्ताच्या संस्कृत नाटकावरून आले. त्या नाटकातला राक्षस हा नंदांचा एकनिष्ठ अमात्य, आणि मुद्रा म्हणजे त्याची अंगठी. ती चाणक्याच्या हाती पडते, तिचा ठसा एका कपटलेखावर उठतो आणि राक्षसाने जे लिहिलेच नाही त्याचा दोष त्याच्यावर येतो. छापखान्यातल्या मुद्राराक्षसाची गतही पुष्कळदा अशीच होते. म्हणून रागावण्यापूर्वी अपराधी कोण हे पाहणे न्यायाचे ठरेल. तसे पाहू गेल्यास चुकांच्या तीन जाती दिसतात.

पहिली जात हस्तदोषाची. खिळे जुळवून छापण्याच्या काळात देवनागरीला शेकडो खिळे लागत. जुळारी ते निरनिराळ्या खणांतून उचलून उलट्या अक्षरांची ओळ बांधीत असे. भलत्या खणात पडलेला एखादा खिळा किंवा छापता छापता तुटलेली मात्रा एवढ्यानेही अर्थाचा अनर्थ होई. इतर देशांतही हेच घडले. इंग्लंडात १६३१ साली राजाच्या मुद्रकांनी छापलेल्या बायबलात व्यभिचाराचा निषेध करणाऱ्या आज्ञेतला नकारच गळून पडला आणि निषेधाची आज्ञा होऊन बसली. रॉबर्ट बार्कर आणि मार्टिन ल्यूकस या मुद्रकांना त्यापायी ३०० पौंडांचा दंड झाला. पुढे १९२२ साली जेम्स जॉइस याची ‘युलिसिस’ ही इंग्रजी कादंबरी पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तिचे खिळे दीझाँ येथील फ्रेंच जुळाऱ्यांनी जुळवले होते. तीत इतक्या चुका राहिल्या की प्रकाशिका सिल्व्हिया बीच हिने पुस्तकाच्या प्रारंभीच वाचकांची क्षमा मागितली. असल्या चुकांना वाचक हसतो आणि बहुधा क्षमाही करतो. कारण श्रम करणाऱ्या हाताकडून चूक होणारच, हे त्याला ठाऊक असते.

दुसरी जात अज्ञानाची, आणि वाचकाचा खरा राग तिच्यावर असतो. ‘आशीर्वाद’ हा शब्द एकदा चुकला तर तो हस्तदोष म्हणता येईल; परंतु तो पुस्तकभर ‘आशिर्वाद’ असाच छापलेला आढळला, ‘उज्ज्वल’ या शब्दातला एक ‘ज’ प्रत्येक पानावर हरवलेला दिसला, तर मुद्राराक्षसाला दोष देण्यात अर्थ नाही. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद हा केवळ दिखाऊ अलंकार नव्हे. ‘दिन’ म्हणजे दिवस, ‘दीन’ म्हणजे गरीब. ‘सुत’ म्हणजे पुत्र, ‘सूत’ म्हणजे धागा. ‘शिर’ म्हणजे मस्तक, ‘शीर’ म्हणजे रक्तवाहिनी. शरीरशास्त्राच्या पुस्तकात शेवटची जोडी उलटसुलट झाली तर काय होईल, याची कल्पना कोणासही करता येईल. कवितेत तर अर्थ कसाबसा तगला तरी चाल मोडते. भुजंगप्रयाताच्या प्रत्येक गणात एक लघू आणि दोन गुरू अक्षरे येतात. त्यांतला एक दीर्घ उकार मुद्रकाने ऱ्हस्व केला की म्हणणाऱ्याची जीभ अडखळते आणि ठपका मात्र कवीवर येतो.

याहून गंभीर गोष्ट विश्वासाची आहे. इतिहासाच्या ग्रंथात साधे शब्द वेडेवाकडे छापलेले पाहिले की वाचकाच्या मनात शंका उभी राहते: ज्यांनी अक्षरे तपासली नाहीत त्यांनी सनावळ्या तरी तपासल्या असतील काय? लेखकाचे संशोधन कितीही चोख असो, ही शंका त्याला खाली पाहावयास लावते. मुलांच्या बाबतीत तर शंकाही उरत नाही. मूल छापलेल्या अक्षरावर पूर्ण विश्वास ठेवते आणि शुद्धलेखन नियमांपेक्षा डोळ्यांनीच अधिक शिकते. त्याच्या हाती ‘परिक्षा’ असे छापलेले पुस्तक पडले तर ते ‘परीक्षा’ हा शब्द कोणाकडून शिकणार?

तिसरी जात मात्र चुकीची नव्हेच. ती बदललेल्या नियमांची. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले लेखनविषयक चौदा नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मान्य केले आणि १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. उच्चारात नसलेले पुष्कळसे अनुस्वार त्यामुळे गेले. पूर्वी एका घरातली गोष्ट असो वा अनेक घरांतली, दोहोंवर टिंब असे. आता ‘घरात’ म्हणजे एका घरात आणि ‘घरांत’ म्हणजे अनेक घरांत. नव्या वाचकाला जुन्या पुस्तकातली टिंबे अज्ञान वाटतात आणि जुन्या वळणाच्या वाचकाला नव्या पुस्तकातली उघडी अक्षरे बोडकी वाटतात. संस्कृत जाणणाऱ्यास ‘कवि’ हाच शब्द शुद्ध वाटतो, तर चालू नियम सुटा शब्द ‘कवी’ असा लिहावयास सांगतो आणि समासात ‘कविराज’ असा ऱ्हस्व ठेवतो. ग्रंथालयांतील पुस्तकांच्या समासांत पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्यांपैकी कित्येक अशा निर्दोष शब्दांवरच केलेल्या असतात. नियम करणाऱ्यांनीही येथे विवेक दाखवला आहे. चिपळूणकरांपूर्वीचे गद्य आणि केशवसुतांपूर्वीचे पद्य मुळाबरहुकूम छापावे, असे त्या नियमांतच सांगितले आहे. वृत्तासाठी कवीला मोकळीकही दिली आहे. त्याच न्यायाने कथेतला मालवणी खलाशी किंवा वऱ्हाडी शेतकरी आपल्या बोलीत बोलू लागला तर तेथे पेन्सिल उचलण्याचे कारण नाही.

मग अज्ञानाच्या चुकांवर उपाय कोणता? संगणक आल्यापासून तुटलेल्या मात्रा गेल्या, पण चुका गेल्या नाहीत. यंत्र अस्तित्वात नसलेला शब्द पकडील. परंतु ‘दिन’ आणि ‘दीन’ हे दोन्ही शब्द खरे असल्यामुळे कोठे कोणता हवा हे त्याला वाक्याच्या अर्थावरून ठरवावे लागते, आणि तेथे ते फसू शकते. त्यासाठी अखेर जाणत्या माणसाची नजरच लागते. जावजी दादाजी यांनी १८६९ साली मुंबईत स्थापिलेल्या निर्णयसागर छापखान्याचे संस्कृत ग्रंथ शुद्धतेबद्दल दूरवर नावाजले गेले, ते केवळ सुबक खिळ्यांमुळे नव्हे. वासुदेवशास्त्री पणशीकरांसारखे पंडित ते ग्रंथ शोधून देत आणि त्यांचे नाव ग्रंथाच्या प्रारंभी मानाने छापले जाई. व्याकरणतज्ज्ञ यास्मिन शेख यांनी, ज्यांना २०२५ साली शंभर वर्षे पूर्ण झाली, मराठी शब्दांच्या लेखनाचा कोश सिद्ध करून हीच सेवा अलीकडच्या काळात केली. असे असता कित्येक पुस्तकांत मुखपृष्ठाच्या चित्रकाराचे नाव असते, मुद्रितशोधकाचे नसते. ज्या कामाला नाव नाही त्याला वेळ आणि मोबदलाही तुटपुंजाच मिळतो, आणि त्याची किंमत शेवटी वाचक भरतो.

वाचकाच्या हातीही काही आहे. चुकीवर चरफडून पुस्तक मिटण्याने काहीच साधत नाही. पृष्ठ आणि ओळ नमूद करून प्रकाशकास चार ओळींचे पत्र धाडले तर पुढल्या आवृत्तीत तो शब्द सुधारण्याचा संभव असतो. जुन्या ग्रंथांच्या शेवटी शुद्धिपत्र जोडलेले असे; ‘अशुद्ध’ आणि ‘शुद्ध’ अशा दोन रकान्यांत प्रकाशक आपली चूक उघडपणे मांडीत असे. ते पाहून ग्रंथाविषयीचा आदर कमी होत नसे, उलट वाढत असे. निर्दोष पुस्तक दुर्मीळ आहे, आणि वाचकाचा तसा आग्रहही नसतो. आपण पैसे आणि वेळ खर्चून जे वाचतो ते छापण्यापूर्वी कोणीतरी तितक्याच आस्थेने वाचले होते, एवढा भरवसा त्याला हवा असतो. तो भरवसा देणे हे प्रकाशकाचे कर्तव्य आहे, आणि तो मागणे हा वाचकाचा हक्क होय.