कट्टी, बट्टी आणि मधलं बरंच काही
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



संध्याकाळी सोसायटीच्या आवारात किंवा वाड्याच्या अंगणात लहान मुलं खेळत असतील, तर थोडा वेळ थांबून बघा. पाच-दहा मिनिटांत कुणाची तरी कुणाशी कट्टी होते. तोंडं फिरतात, गाल फुगतात. थोड्या वेळानं बट्टी होते आणि खेळ पुढे चालू! आपण हसून सोडून देतो. पण या कट्टीत केवढी सोय आहे बघा. 'मला तुझा राग आलाय' हे न मारता, न चावता सांगता येतं आणि परतीचा रस्ताही मोकळा राहतो. ही सोय मुलांना कुणी शिकवली नाही. ती खेळातून एका मुलाकडून दुसऱ्याकडे आली. लहान मुलांच्या भावना आणि खेळ यांचं नातं किती जवळचं आहे, ते एवढ्यावरून लक्षात येईल.

दोन-तीन वर्षांच्या मुलाची अडचण अशी असते, की त्याच्या भावना मोठ्या माणसाइतक्याच जोरदार, पण शब्द मात्र मोजके. राग आला, भीती वाटली, हेवा वाटला, तरी त्याच्याकडे रडणं, फेकणं, चावणं आणि जमिनीवर लोळण घेणं एवढेच मार्ग असतात. त्यावर आपली उत्तरंही ठरलेली. 'रडू नकोस.' 'फार हट्टी झालाय.' मुलगा असेल तर आणखी एक, 'मुलगा असून रडतोस?' यातून मूल एवढंच शिकतं, की मला जे वाटतंय ते वाटणंच चूक आहे. वाटणं थांबत नाही, सांगणं मात्र थांबतं.

खरं तर आपल्या भाषेत शब्दांची वाण नाही. रुसणं वेगळं, फुगणं वेगळं. हिरमुसणं, खट्टू होणं, भेदरणं, ओशाळणं, कावरंबावरं होणं, हुरळून जाणं, किती छटा! आजीच्या तोंडी हे शब्द सहज असायचे. आज घरात 'मूड ऑफ' म्हटलं की सगळं संपतं. मुलाला हे शब्द धड्यासारखे पाठ करून द्यायचे नाहीत. त्याला जे होतंय, त्याच वेळी नाव द्यायचं. 'ताईला नवीन फ्रॉक आणला म्हणून तू खट्टू झालास का?' एवढं म्हटलं, तरी आपल्याला कुणीतरी ओळखलं, हे त्याला कळतं.

पण भर रागात मुलाला विचारलं, तर ते सांगणार नाही. तिथे खेळ कामाला येतो. खेळात मूल स्वतःबद्दल न बोलता स्वतःबद्दल बोलू शकतं. 'मला भीती वाटते' हे अवघड असतं. 'माझ्या बाहुलीला भीती वाटते' हे सोपं असतं. भातुकली मांडलेली मुलगी बाहुलीवर ओरडते, तेव्हा तिला ओरडणं कसं लागलं हे ऐकू येतं. सातपूर-अंबडच्या कारखान्यात पाळीला जाणाऱ्या वडिलांचा मुलगा खेळात पुन्हा पुन्हा 'बाबा गेले, बाबा आले' करतो, तेव्हा तो आपली वाट बघणंच खेळत असतो. अशा वेळी मध्ये पडून 'असं नाही बोलू' म्हणून दुरुस्ती करू नये. शेजारी बसावं. त्यानं दिलेला खोटा खोटा चहा प्यावा, आणि ऐकावं.

यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत, हे महाराष्ट्राला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कधीच दाखवून दिलं आहे. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हेच तिथल्या मुलांचं साहित्य. मूल शाळेत येत नाही, तर शाळा त्याच्या अंगणात न्यावी, या विचारातून 'अंगणवाडी' आली आणि १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेनं हा शब्द देशभर नेला. बोर्डीला जाण्यापूर्वी अनुताईंनी आपल्या नाशिक जिल्ह्यात, चांदवड-पिंपळगावकडे, प्राथमिक शिक्षिका म्हणून काम केलं होतं, हे मुद्दाम सांगावंसं वाटतं.

घरी करता येतील असे तीन-चार खेळ सांगतो.

पहिला गोष्टीचा. चिऊ-काऊची गोष्ट कोणत्या घरात नाही? पावसात घर वाहून गेलेला कावळा दाराशी उभा आहे आणि चिमणी दार उघडत नाही. तिथे थांबा. 'आता काऊला काय वाटत असेल?' विचारा. मग 'आणि चिऊला?' हेही विचारा. चार-पाच वर्षांच्या सुमारास मुलाला हळूहळू उमगू लागतं, की एकाच प्रसंगी दोघांना वेगवेगळं वाटू शकतं. उत्तर बरोबर की चूक, हे ठरवत बसू नका.

दुसरा मुखवट्यांचा. आपल्या सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर भागात बोहाडा होतो. देव-दानवांचे मुखवटे चढवून, संबळाच्या तालावर रात्र रात्र सोंगं नाचतात. मुखवटा चढला की लाजरा माणूसही गर्जना करतो. घरी पुठ्ठ्याचे किंवा कागदी ताटलीचे मुखवटे करा. एक रागावलेला, एक घाबरलेला, एक रुसलेला, एक आनंदी. आज कोणता लावायचा, ते मुलानं ठरवायचं. आई-बाबांनीही एखादा लावावा. मोठ्यांनाही राग येतो, भीती वाटते आणि ती सांगता येते, हे मुलाला दिसू द्या.

तिसरा मातीचा किंवा कणकेचा. राग अंगात असतो, तो हाताला काम दिल्यावर उतरतो. गोळा आपटायचा, थापायचा, वळायचा. इथे एक नियम मात्र ठाम हवा. राग येणं चालेल, मारणं चालणार नाही. गोळ्याला गुद्दे, दादाला नाही.

चौथा खेळ हरण्याचा! सापशिडीत नव्व्याण्णववरून घसरलेल्या मुलाचा चेहरा आठवा. त्याला मुद्दाम जिंकवत राहिलो, तर हरण्याचं दुःख पेलायला ते शिकणार कधी? 'वाईट वाटलं ना? मलाही वाटतं,' म्हणावं आणि पुन्हा फासा हातात द्यावा. आणि अगदी लहानग्यासाठी आपल्याकडे 'कच्चं लिंबू' आहेच. त्याला खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य द्यायचं नाही. दुसऱ्याच्या कुवतीची जाणीव ठेवण्याचा यापेक्षा सुंदर पाठ कुठला?

हे सारं कौतुकापुरतं नाही, श्रोतेहो. ज्या मुलाला 'मला हे नको वाटतं', 'मला त्या काकांची भीती वाटते' असं बोलायची सवय आहे आणि ते ऐकून घेतलं जाईल असा भरवसा आहे, तेच मूल संकटाच्या वेळी तोंड उघडतं. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा 'पॉक्सो' कायदा २०१२ साली झाला. पण मुलानं सांगितलंच नाही, तर कायदा त्याच्यापर्यंत पोचणार कसा? म्हणून नातेवाईक आले की 'पापा दे' अशी बळजबरी नको. त्याच्या 'नको'ला घरातच मान मिळायला हवा.

हसतं-खेळतं मूल अचानक खेळेनासं झालं, सुटलेली सवय परतून अंथरूण ओलं होऊ लागलं, किंवा एखाद्या व्यक्तीला वा जागेला ते घाबरू लागलं, तर 'होईल ठीक' म्हणून थांबू नका. रागावू नका, उलटतपासणी घेऊ नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मूल धोक्यात आहे असं वाटलं, तर १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे.

वेळ कुठून आणायचा, असं आपण म्हणाल. स्वयंपाक करताना कणकेचा एक गोळा मुलाच्या हातात द्यायला वेळ लागत नाही. झोपताना गोष्ट सांगताच असाल, तर तिच्यात एक प्रश्न घाला. दिवसाकाठी पंधरा मिनिटं, मोबाइल बाजूला ठेवून, मूल म्हणेल तो खेळ. त्या वेळात शिकवायचं काही नाही. चहा कितीही वेळा आला, तरी तो पिऊन 'छान झालाय' म्हणायचं आणि बाहुली आज काय म्हणते, ते ऐकायचं.