आधी मेन काढा

चंदीगडलगतच्या सेक्टर 67 मध्ये पोहण्याच्या तलावाचा कंट्रोल बोर्ड शॉर्टने जळाला, तेव्हा आम्ही दुरुस्तीला गेलो होतो. "फ्यूज घाला, पाणी हिरवं पडतंय!" मालकाचा माणूस ओरडला. रेल्वेत 25,000 व्होल्टच्या तारेला पॉवर ब्लॉक आणि अर्थिंगशिवाय कोणी हात लावत नाही. मग ओल्या फरशीवरचे 230 व्होल्ट काय दयाळू असतात?

आम्ही मेन काढली, फ्यूज खिशात टाकले. रिलेपाशी तांब्याचा ट्रॅक वितळला होता. तो जोडून तासाभरात पंप फिरला असता आणि बोर्ड पुन्हा जळला असता. मेगर 500 व्होल्ट सोडतो, म्हणून बोर्डाच्या तारा आधी सोडवल्या, मग मोटार तपासली. वाइंडिंगमध्ये पाणी!

मोटार दुरुस्तीला गेली, तलाव बंद राहिला, बोलणीही खाल्ली. पण 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसेपर्यंत फ्यूज आमच्याच खिशात होते.