दमणच्या सागवानाची युद्धनौका

दमणच्या गोदीत २२ ऑक्टोबर १८४३ रोजी एक शिडाची युद्धनौका पाण्यात उतरली. लाकूड नगर हवेलीच्या जंगलातील सागवान. नाव मात्र पोर्तुगालच्या राजदांपत्याचे, 'दों फेर्नांदु द्वितीय इ ग्लोरिया'. ते तासणाऱ्या सुतारांच्या हाताची परीक्षा पुढे व्हायची होती.

२ फेब्रुवारी १८४५ रोजी ही पन्नास तोफांची फ्रिगेट गोव्याहून निघाली आणि ४ जुलैस लिस्बनला पोहोचली. तोफा होत्या खऱ्या. पण तिची ख्याती रणांगणाची नव्हे. तेहेतीस वर्षांत लाखाहून अधिक सागरी मैल तिने कापले ते बहुतांशी सैनिक, अंमलदार, वसाहतीस निघालेली कुटुंबे आणि हद्दपारीचे कैदी यांना गोवा, मोझांबिक, अंगोला येथे वाहून नेण्यात. तिच्या पोटात दारूगोळ्यापेक्षा ताटातुटीच अधिक साठल्या असतील!

१८७८ मध्ये तिचा अखेरचा दीर्घ प्रवास झाला. तोफखान्याची शाळा तिच्यावर भरत असेच. विसाव्या शतकात ती गरीब मुलांचे वसतिगृह झाली. १९६३ साली आग लागली, आणि जळका सांगाडा टेगस नदीच्या गाळात एकोणतीस वर्षे रुतून राहिला. सागवान मात्र पुरते हरले नाही. १९९२ मध्ये तो सांगाडा वर काढण्यात आला, त्याची पुनर्बांधणी झाली आणि १९९८ च्या लिस्बन येथील जागतिक प्रदर्शनात लोकांनी तिला पुन्हा पाहिले. आता ती लिस्बनच्या पैलतीरी, काशिल्यास येथे, संग्रहालय म्हणून उभी आहे.